ईसीजी काढायचीच तर आधी त्या घरांतून काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलीस भरतीचा सराव करणाऱ्या प्रत्येक मुलाची ईसीजी, म्हणजे हृदयातल्या विजेचा आलेख, सक्तीने काढावी, त्याशिवाय त्याला मैदानावर पाय ठेवू देऊ नये, अशी मागणी करणारं एका वाचकाचं पत्र आपण गेल्या आठवड्यात छापलं. त्यामागची कळकळ समजते. पहाटे सोळाशे मीटर धावताना धडधाकट पोरगा खाली पडतो आणि उठतच नाही, हे ज्यांनी पाहिलं त्यांना काहीतरी करावंसं वाटणारच. पण मी नोकरीची सगळी वर्षं ईसीजी काढण्यातच घालवली आहेत, वॉर्डात, ओपीडीत आणि शिबिरांच्या मांडवातही. त्या अनुभवावरून सांगते, ही मागणी जशीच्या तशी मान्य झाली तर हजारो पट्ट्या, म्हणजे ईसीजीचे कागद, निघतील, कितीतरी पोरांना विनाकारण धास्ती बसेल, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप करायचा तो कदाचित ‘नॉर्मल’ लिहिलेला कागद खिशात घालून धावायला जाईल. पत्र लांबणार आहे. जागेअभावी कापायचं झालं तर माझ्या नोकरीचं कापा, आजाराचं कापू नका.

आधी आजार कोणता ते सांगते. अशी बातमी वाचली की लोकांच्या डोळ्यांपुढे ब्लॉकेज येतं, स्टेंट येतो, तेलकट खाणं येतं. आपल्याकडे तिशीतही ब्लॉकेज होतात, हे मी नाकारत नाही. मावा खाणाऱ्या तरुणांच्या पट्ट्या मी पुष्कळ काढल्या. पण एकोणीस-वीस वर्षांच्या निर्व्यसनी पोराचं हृदय अचानक थांबतं तेव्हा आणखी एक शक्यता तपासावी लागते. हृदयाच्या स्नायूचाच आजार, जो रक्ताच्या नात्यातून येतो. त्यातला सगळ्यांत जास्त आढळणारा म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. डॉक्टर मंडळी एचसीएम म्हणतात, मीही तेच म्हणते. लंडनचे डोनाल्ड टीअर हे शवविच्छेदन करणारे डॉक्टर. तरुणांची हृदयं तपासताना त्यांना दोन कप्प्यांमधला पडदा बेढब जाडावलेला दिसला आणि १९५८ साली त्यांनी तो शोधनिबंधात मांडला. रक्तदाब नाही, झडप खराब नाही, तरी स्नायू जाड. मोठ्या माणसात भिंत १५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असली की आजार धरतात; घरात तो आधीच माहीत असेल तर १३ लाच धरतात. सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूचे तंतू एका दिशेने न जाता एकमेकांत घुसलेले दिसतात. पूर्व भागातल्या, म्हणजे सोलापूरच्या यंत्रमागांच्या वस्तीतल्या, वाचकांना एवढंच सांगते, ताणा गुंतलेला माग डोळ्यांपुढे आणा. त्या गुंत्यातून वीज सरळ जात नाही, तिथल्या तिथे फिरत राहते, आणि एखाद्या वेळी हृदय आकुंचन पावायचं सोडून नुसतं थरथरतं. २००३ साली फ्रान्समध्ये लिऑनच्या मैदानावर कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए सामना चालू असताना कोसळला, त्याच्या शवविच्छेदनात हेच निघालं होतं.

हे फार दुर्मीळ असेल असं वाटतं ना? अमेरिकेत तरुणांची इको तपासणी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून १९९५ साली आलेला आकडा पाचशेत एक असा आहे. तोच इथे लावला तर २०११ च्या जनगणनेतल्या साडेनऊ लाखांच्या सोलापूर शहरात एकोणीसशे माणसं होतात. घाबरू नका. त्यातली बहुतेक म्हातारी होतात, नातवंडं खेळवतात. या आजाराने दगावण्याचं प्रमाण वर्षाला शंभरात एक किंवा त्याहूनही कमी आहे. त्यामुळे डॉक्टरांपुढे दोन प्रश्न असतात. आजार आहे का, आणि असला तर हा माणूस त्या धोक्यातल्या थोड्यांपैकी आहे का. पहिल्याला ईसीजी खूप उपयोगी पडते. दुसऱ्याला ती एकटी पुरत नाही. लोक, आणि क्षमा करा, काही डॉक्टरसुद्धा, या दोन्हींची सरमिसळ करतात.

एचसीएमच्या शंभर रुग्णांतल्या नव्वदच्या आसपास लोकांची पट्टी कुठे ना कुठे बिघडलेली असते. छातीवरच्या लीडमध्ये, म्हणजे तिथे लावलेल्या इलेक्ट्रोडच्या नोंदीत, लाटा इतक्या उंच की वरच्या ओळीत घुसतात. टी, म्हणजे ठोक्याच्या शेवटची लाट, उलटी, कधी इतकी खोल की पाहताक्षणी हात थांबतो. हृदयाच्या टोकाकडे जाडी असली की अशी दिसते, जपानी डॉक्टरांनी सत्तरच्या दशकात ती वर्णन करून ठेवली आहे. कधी क्यू, म्हणजे ठोक्याच्या सुरुवातीची खाली जाणारी लाट, अशी की वाटावं याला मागे अटॅक येऊन गेला, आणि समोर बसलेला असतो सतरा वर्षांचा पैलवान. यातली उंच लाट एकटीच असेल तर तिला किंमत नाही. तालमीत मेहनत करणाऱ्या, काटकुळ्या छातीच्या पोरांत ती सर्रास असते. पण व्ही-५, व्ही-६ या छातीच्या डाव्या बाजूच्या लीडमध्ये टी उलटी असेल तर ‘पैलवानाचं हृदय आहे, चालायचंच’ म्हणून सोडून देता येत नाही. खेळाडूंच्या ईसीजीसाठी २०१७ साली जे आंतरराष्ट्रीय निकष ठरले, त्यांतही ही खूण पुढच्या तपासणीचीच धरली आहे.

आता सोलापुरात काय होतं ते सांगते. टी उलटी दिसली की वरती ‘इस्केमिया’, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडतंय, असं लिहिलं जातं आणि माणूस अँजिओग्राफीला, म्हणजे हृदयाच्या रक्तनळ्या तपासायला जातो. पूर्व भागातला एक यंत्रमाग कामगार, चाळिशीच्या आतला, जिना चढताना छाती भरून येते म्हणून आला होता. मीच पट्टी काढली. व्ही-३ पासून व्ही-६ पर्यंत टी खोल उलट्या. त्याने उसनवारी करून दुसऱ्या ठिकाणी अँजिओग्राफी केली, नळ्या स्वच्छ निघाल्या, ‘तुला काही नाही’ असं सांगून घरी पाठवलं. घरच्यांनी पेढे वाटले. नळ्या स्वच्छ आहेत तर मग टी उलटी कशामुळे, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. काही महिन्यांनी कारखान्यात चक्कर येऊन पडला तेव्हा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोला विचारलं, घरात कोणी लहान वयात गेलंय का? ती म्हणाली, धाकटे दीर विहिरीत बुडाले, एकोणिसाव्या वर्षी. बाई म्हणाल्या, पोहता येत नव्हतं? ती म्हणाली, गल्लीतल्या पोरांना तेच पोहायला शिकवायचे.

टूडी इकोत त्याचा पडदा २२ मिलिमीटर निघाला. मग त्याच्या तिन्ही मुलांना बोलावलं. दोघांच्या पट्ट्या साफ. तेरा वर्षांच्या मुलीच्या पट्टीत खोल क्यू होत्या, आणि इको मात्र तेव्हा अगदी व्यवस्थित. असं होतं. जाडी नंतर येते, वीज आधी बोलते. ती मुलगी तेव्हापासून ठरलेल्या मुदतीने तपासणीला येत राहिली. ईसीजी धोका ओळखायला वापरायची म्हणजे काय, ते मला त्या घरात कळलं. एका पट्टीने त्यांचं कोणाचंच काम झालं नसतं. बापाची पट्टी, काकाची हकिकत आणि लेकीची पट्टी एकत्र ठेवली तेव्हा अर्थ लागला.

म्हणून माझं म्हणणं असं, की सगळ्या गावाच्या ईसीजी काढायच्या गोष्टी नंतर करा. ज्या घरात तरणंताठं माणूस अचानक गेलंय, त्या घरातले आई-वडील, भाऊ-बहिणी आणि मुलं आधी टेबलावर घ्या. हा आजार पुढे जायला आई किंवा बाप यांपैकी एकाकडचा जनुकातला बदल पुरतो. प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणजे सरसकट मैदानावर पाचशे पोरांमागे एक सापडेल, आणि अशा एका घरात दोघांमागे एक. हिशोब साधा आहे.

पण त्या घरापर्यंत पोचणं साधं नाही. मी पट्टी काढताना सहज विचारायचे, ‘घरात कोणी लवकर गेलं का हो?’ उत्तर येतं, ‘नाही, सगळे चांगले आहेत.’ तेच पुन्हा वेगळं विचारलं, की झोपेत कोणी गेलं का, पोहताना, गाडी चालवताना, लग्नात नाचताना, की मग निघतं. ‘मामा गेले, पण त्यांना बाहेरचं झालं होतं.’ ‘चुलतभाऊ, त्याला फिट यायच्या.’ ज्याला फिट म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या त्याला कधी कधी फिट नसतेच. हृदयाचा ठोका बिघडून मेंदूला रक्त कमी पडतं आणि हातपाय झटकतात. साखर पेठेत, दत्त नगरात मी मोडक्या तेलुगूत विचारायचे, ‘इंट्लो एवरैना चिन्न वयसुलो पोयारा?’ त्या भाषेत विचारलं की आजीबाई उठून बसायच्या आणि तीन पिढ्या सांगायच्या. शेजारी उभी असलेली सून हळूच त्यांचा हात दाबायची. कारण उघड आहे, घरात लग्नाची मुलगी असते. हृदयाचा आजार घराण्यात आहे हे बाहेर गेलं तर सोयरीक मोडते, या भीतीपुढे माझी ईसीजी मशीन काय करणार? या बाबतीत मी कोणाला दोष देत नाही. फक्त एवढं सांगते, की ही गोष्ट डॉक्टरच्या कानात सांगितली तर ती गल्लीत जात नाही.

नात्यात लग्नं हाही विषय काढायलाच हवा, कारण आपल्या शहरात मामा-भाची, आत्याचा मुलगा अशी लग्नं अनेक समाजांत होतात. एका बाजूचा बदल पुरतो हे खरं, पण दोन्ही बाजूंनी तोच आला तर आजार लवकर आणि जोरात येतो. हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी इतरांच्या सोबत २००९ साली दाखवून दिलं, की भारतीय उपखंडातल्या शंभरातल्या चार जणांमध्ये हृदयाच्या स्नायूच्या एका जनुकातली पंचवीस अक्षरं गळालेली असतात. ती असलेले पुष्कळ जण तरुणपणी ठणठणीत असतात, वय वाढलं की काहींचं हृदय कमकुवत होतं. यावर पुढेही बराच ऊहापोह झाला आहे आणि लगेच सगळ्यांनी जनुक तपासायला धावावं असं मुळीच नाही. माझा मुद्दा एवढाच, की हा ‘परदेशातला आजार’ नाही.

आता दुसरा प्रश्न, धोका किती? इथे मी ऐकीव काही सांगत नाही. डॉक्टरांच्या वर्गांना बसून, विचारून विचारून घेतलेलं आहे. एचसीएममध्ये पुढच्या पाच वर्षांत हृदय अचानक थांबण्याची शक्यता काढायचं एक सूत्र युरोपातल्या डॉक्टरांनी २०१४ साली दिलं. त्यात सात गोष्टी भरायच्या. वय, भिंतीची जास्तीत जास्त जाडी, डाव्या वरच्या कप्प्याचा आकार, रक्त बाहेर पडताना होणारा अडथळा, घरातला अचानक मृत्यू, कारण न सापडलेली बेशुद्धी, आणि होल्टरवर, म्हणजे अंगावर बांधून दिवसभर चालणाऱ्या ईसीजीवर, दिसलेली वेगवान ठोक्यांची माळ. उत्तर शंभरात सहा किंवा जास्त आलं तर छातीत शॉक देणारं यंत्र बसवायचा विचार करतात, चारच्या खाली आलं तर सहसा बसवत नाहीत. या सातांत आपली नेहमीची बारा लीडची ईसीजी कुठेच नाही, हे नीट वाचा. चोवीस तासांच्या होल्टरला जागा आहे, घरच्या इतिहासाला आहे, पण एका मिनिटात निघणाऱ्या पट्टीला नाही. स्वीडनमधल्या एका गटाने पट्टीवरच्या खुणांना गुण देऊन धोका मोजायची पद्धत काढून पाहिली होती. पुढे आजारी मुलांच्या मोठ्या गटावर ती ताडून पाहिली तेव्हा धोक्यातली मुलं तिच्यावरून वेगळी काढता आली नाहीत.

मग ईसीजी धोक्यासाठी निरुपयोगी आहे का? तसंही नाही, कारण आजार एकच नाही. याच कुळातला दुसरा आजार उजव्या कप्प्याचा आहे, त्यात स्नायूच्या जागी चरबी आणि व्रण येतात. त्यासाठी २०१९ साली जे सूत्र आलं, त्यात किती लीडमध्ये टी उलटी आहे हे मोजून भरावं लागतं. म्हणजे तिथे माझी पट्टी थेट हिशोबात धरली जाते. तिसरा एक, लॅमिन नावाच्या जनुकाचा. त्यात हृदय पसरायच्या आधी पट्टीवर पीआरचं अंतर वाढतं, वरून खाली येणारी वीज रेंगाळते. त्याच्याही धोक्याच्या सूत्रात हे रेंगाळणं मोजतात. तेव्हा कोणी विचारलं, ‘सिस्टर, ईसीजीत धोका कळतो का?’ तर खरं उत्तर असं, की आधी आजार कोणता ते कळू द्या. आणि एचसीएमच्या शंभरातल्या पाच-दहा जणांची पट्टी सुरुवातीला चक्क सरळ असते. ज्या घरात आजार आहे तिथल्या मुलाला ‘ईसीजी नॉर्मल, जा पळ’ असं म्हणता येत नाही. इको करावाच लागतो, आणि वयात येताना मुलांचा वर्षा-दोन वर्षांनी, मोठ्यांचा तीन ते पाच वर्षांनी पुन्हा.

इथपर्यंत मोठ्या गोष्टी झाल्या. पण सूत्रात भरायची पट्टी मुळात बरोबर निघाली पाहिजे, आणि आमच्या कामाबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून लिहिते.

व्ही-१ आणि व्ही-२ चौथ्या फासळीखालच्या फटीत लावायचे असतात, उरोस्थीच्या दोन्ही कडांना. घाईत ते गळ्याकडे, दुसऱ्या फटीत लागतात. तेवढ्याने टी उलटी दिसू शकते, आणि उजव्या कप्प्याच्या आजाराचा संशय निघतो, जो नसतोच. बोटाने उरोस्थीवरचा उंचवटा चाचपून, तिथून फासळ्या मोजत खाली यायला दहा सेकंद लागतात. शिबिरात रांग दारापर्यंत गेलेली असते, दहा सेकंद कोणी देत नाही. बायकांचं तर विचारूच नका. पडदा नसतो, दिवसभर विड्या वळून आलेली बाई ब्लाउज सैल करायला तयार नसते आणि तिचं चुकत नाही. मग व्ही-४ पासून पुढचे कडेकडेने, जमेल तिथे लागतात. चैत्र-वैशाखात घामाने इलेक्ट्रोड घसरतात, पट्टी वर-खाली तरंगते, थरथरते, म्हणून फिल्टर चढवतात. फिल्टरने पट्टी देखणी होते आणि बारीक खाच, जी नेमकी पाहायची होती, तीच पुसून जाते. लाटा फार उंच असल्या की मशीन अर्ध्या मापावर घ्यावी लागते. सुरुवातीची चौकोनी खूण तेव्हा दहाऐवजी पाच मिलिमीटरची येते. ती न बघता कोणी पट्टी वाचली तर जाड हृदय नॉर्मल वाटतं. मी अशा पट्टीवर लाल पेनने ‘अर्धं माप’ असं मोठ्या अक्षरात लिहायचे, त्यावरून मला हसायचे. हसू देत.

आणि वय लिहा. लहान मुलांत व्ही-१ ते व्ही-३ मध्ये टी उलटीच असते, चौदाव्या वर्षानंतर तीच गोष्ट संशयाची होते. शिबिरातल्या निम्म्या पट्ट्यांवर मी वय पाहिलेलं नाही. नाव असतं, तेही आडनावाशिवाय. मशीन मात्र आपल्या मनाने काहीतरी वय धरून खाली इंग्रजीत निदान छापतं, आणि पोरगं ते मोबाइलवर शोधून रात्रभर झोपत नाही.

पट्टी जपायची कशी, हेही सांगते. हा कागद उष्णतेने छापणारा असतो. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात ठेवलेली पट्टी काही वर्षांत पांढरी पडते. आपल्या लोकांना सगळं लॅमिनेशन करायची हौस. या कागदाला ते केलं तर उष्णतेने तो काळाठिक्कर होतो. झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या, मागे तारीख लिहा. वडिलांची दहा वर्षांपूर्वीची पट्टी मुलाच्या पट्टीशेजारी ठेवता आली तर डॉक्टरचं अर्धं काम होतं. ती बहुतेक वेळा मिळत नाही.

सक्तीच्या मागणीबद्दल एक शब्द. इटलीत १९८२ पासून खेळाडूंना ईसीजीसकट तपासणी सक्तीची आहे, आणि तिथल्या व्हेनेटो भागात तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू त्यानंतर ८९ टक्क्यांनी घटले, असं २००६ साली प्रसिद्ध झालं. सक्तीच्या बाजूचे लोक हाच आकडा देतात आणि तो खरा आहे. पण तिथे पट्टी वाचायला खेळांच्या वैद्यकात शिकलेले डॉक्टर बसतात, संशय आला की इको लगेच होतो, आणि वर्षावर्षाला पाठपुरावा करायला लावणारा कायदा आहे. अमेरिकेत सगळ्या खेळाडूंना ईसीजी आजही सक्तीची नाही. तिथले हृदयरोगतज्ज्ञ आधी घरच्या इतिहासाचे प्रश्न आणि तपासणी यांवर भर देतात. आपल्याकडे भरतीच्या दिवसांत पोलीस मुख्यालयाच्या मैदानाबाहेर पोरांची गर्दी आपण पाहतोच. एवढ्या पट्ट्या वाचणार कोण? शिक्का मारणारे मिळतील, वाचणारे नाहीत. त्यापेक्षा अकादमी चालवणाऱ्यांनी आणि तालमीच्या वस्तादांनी नाव नोंदवतानाच दोन गोष्टी विचाराव्यात. पळताना कधी डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडलास का? घरात चाळिशीच्या आत कोणी अचानक गेलं का? एकालाही ‘हो’ आलं तर त्या मुलाची ईसीजी आणि इको दोन्ही झाल्याशिवाय त्याला पळवू नये. तो रडेल, त्याचं वर्ष जाईल. जाऊ द्या.

मृत्यू झालेल्या घराकडून एक अपेक्षा आहे, ती सांगताना माझीही जीभ अडखळते. पोरगा गेल्यावर ‘चिरफाड नको’ म्हणून आई हंबरडा फोडते, चार माणसं पोलिसांच्या विनवण्या करतात. तरी शवविच्छेदन होऊ द्यावं. आणि शवविच्छेदन करणाऱ्यांनी व्हिसेरा विषाच्या तपासणीला पाठवून थांबू नये. हृदयाचं वजन, पडद्याची जाडी लिहावी, हृदयाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जाईल असं पाहावं. तो अहवाल घरात विम्यासाठी आणि वारसनोंदीसाठी जपला जातो. तोच घेऊन मेलेल्याच्या भावंडांनी हृदयरोगतज्ज्ञाकडे जायचं असतं, हे त्यांना सांगणारं त्या दिवशी तिथे कोणीच नसतं.

इथे आपलं वर्तमानपत्र येतं. अशी बातमी आपण शोकाकुल वातावरणात अंत्यसंस्कार झाले इथवर छापता. त्याखाली चौकटीत दोन ओळी टाकाल का? ‘मृताच्या आई-वडिलांनी, सख्ख्या भावंडांनी व मुलांनी ईसीजी आणि टूडी इको करून घ्यावा.’ एवढंच. ते घर त्या आठवड्यात वर्तमानपत्र वाचणार नाही, पण शेजारी वाचतील आणि दहाव्याला बसतील तेव्हा सांगतील. आपल्या गावात निरोप असाच पोचतो.

शेवटी एक. संक्रांतीच्या गड्ड्याआधी, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेआधी, नंदीध्वजांचा सराव सुरू होतो. त्या उंच जड काठीचं वजन कमरेच्या पट्ट्यावर तोलत चालणारी मुलं मी दरवर्षी बघते. त्या काळात मंडळं आरोग्य शिबिरं भरवतात, ईसीजीचं टेबल असतंच. यंदा ज्यांना शिबिर घ्यायचं आहे त्यांनी एक पडदा, झेरॉक्सचं मशीन आणि घरचा इतिहास लिहून घ्यायला तेलुगू-कन्नड जाणणारा एक मुलगा, एवढी सोय करावी. पट्ट्या काढायला मी येते, फुकट. इलेक्ट्रोड मात्र चांगले आणा, गंजलेले चालणार नाहीत. माझा पत्ता आणि फोन आपल्या कार्यालयात दिलेला आहे.

आपली,
एक निवृत्त ईसीजी टेक्निशियन,
सोलापूर